गंधकाची वही

चाकणच्या मार्केट यार्डात कांदा कुणालाही रडवत नाही. आवकेच्या दिवशी तिथे जाऊन उभं राहावं. गोण्यांच्या थप्प्या, ओतलेले ढीग, लिलावाचा पुकारा, पाठीवर गोणी घेऊन झपझप चालणारे हमाल आणि पायाखाली सगळीकडे गुलाबी पापुद्रा. ट्रकच्या ट्रक कांदा असतो, पण डोळे पुसणारा एक माणूस दिसत नाही. घरी मात्र एकच कांदा चिरला की ओट्यापासून दूर व्हावं लागतं.

कारण अख्ख्या कांद्यात तो झोंबणारा पदार्थ नसतोच. त्याचं सामान असतं, आणि तेही दोन वेगळ्या खोल्यांत ठेवलेलं. पेशीद्रवात आयसोअलिइन नावाचं गंधकयुक्त अमिनो आम्ल, आणि रिक्तिकेच्या बंद पिशवीत अलिइनेज हे विकर. सुरी मधली भिंत फोडते. विकर त्या आम्लातला कार्बन आणि गंधक यांच्यामधला एक बंध तोडतं. सुटलेला तुकडा दुसऱ्या विकराच्या हाती लागतो, त्याची फेरजुळणी होते आणि प्रोपेनथायल एस-ऑक्साइड तयार होतं. रेणू लहान, म्हणून हवेत सहज उडतो. डोळ्यांतल्या पाण्यात उतरतो, बुबुळावरच्या मज्जातंतूंना डिवचतो आणि डोळा तो धुऊन काढायला लागतो. हे दुसरं विकर जपानी संशोधकांनी २००२ मध्ये दाखवून दिलं. तोवर अलिइनेजच्या पुढचं काम आपोआप होतं असंच धरलं जाई.

वाटणासाठी कांदा अख्खाच निखाऱ्यावर किंवा गॅसवर भाजतात, तो सोलताना-चिरताना डोळ्यांत पाणी येत नाही. आचेने विकर आधीच निकामी झालेलं असतं. गंधक बहुतेक तिथेच असतो. फक्त तो बंध तोडणारं कुणी उरलेलं नसतं.

*

मी चिंचवडात अकरावी-बारावीच्या बायो ग्रुपच्या मुलांना शिकवते. अणू, मूलद्रव्यं आणि बंध यांचं प्रकरण मुलांना उंबरठ्यासारखं वाटतं, ओलांडून पुढे जायचं. कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन, नायट्रोजन, फॉस्फरस, गंधक ही सहा नावं पाठ होतात, आणि गंधक कायम शेवटी. सत्तर किलोच्या माणसात तो सगळा मिळून साधारण १४० ग्रॅम, म्हणजे मूठभर. यंदा मी ठरवलं की हा शेवटचाच धरायचा, आणि पिंपरीपासून चाकणपर्यंत जिथे दिसेल तिथे त्याची नोंद करायची. मुलांचे आईवडील याच पट्ट्यात राबतात. त्यांच्या कामावर जे अणू आहेत तेच मुलांच्या पुस्तकात आहेत, हे मुलांना कुणीतरी दाखवायला हवं.

*

अणुक्रमांक १६. इलेक्ट्रॉनांची मांडणी २, ८, ६. आवर्तसारणीत ऑक्सिजनच्या बरोबर खाली.

बाहेरच्या कक्षेत सहा म्हणजे आठाला दोन कमी, म्हणून ऑक्सिजनसारखाच हाही दोन बंध करतो. पण ऑक्सिजनपेक्षा याला एक कक्षा जास्त. अणू मोठा, बाहेरच्या इलेक्ट्रॉनांवर केंद्रकाची पकड सैल. त्यामुळे प्रसंगी चार, प्रसंगी सहा बंधही तो करतो. ऑक्सिजनचाच धाकटा भाऊ म्हणा हवं तर, पण मूठ सैल असलेला. माझ्या मते या सैल मुठीतच त्याचं सगळं मोल आहे.

*

खेड तालुक्यातला शेतकरी नत्र, स्फुरद, पालाश म्हणतो. त्याचीच नात कॉलेजात नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅशियम म्हणते, आणि दोघं एकाच गोष्टीबद्दल बोलताहेत हे दोघांनाही ठाऊक नसतं. वर्गात मी दोन्ही नावं फळ्यावर शेजारी शेजारी लिहिते. त्यांच्याखाली मोरचूद, हिराकस, तुरटी. तिन्ही नावं आजीच्या तोंडची. मोरचूद म्हणजे तांब्याचं सल्फेट, हिराकस लोखंडाचं, तुरटीत पोटॅशियम आणि ॲल्युमिनियम. तिन्हींत गंधक एकच, चार ऑक्सिजनांच्या मध्ये बसलेला.

सिंगल सुपर फॉस्फेटच्या गोणीत स्फुरद १६ टक्के आणि गंधक ११ टक्के असतो. डीएपीत गंधक नसतो. कांद्याला जमिनीतून गंधक कमी मिळाला की त्याचा झणका कमी होतो. म्हणजे कुठलं खत घातलं, ते शेवटी डोळ्याला कळतं.

*

पिंपरीत 'एच.ए.' म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही. एच.ए. कॉलनी, एच.ए.चं मैदान. मुलांना वाटतं ते एखाद्या स्टॉपचं नाव आहे. ती हिंदुस्तान अँटिबायोटिक्स. १९५४ साली केंद्र सरकारने कंपनी नोंदवली आणि १९५५ मध्ये इथे पेनिसिलिन बनू लागलं. यंत्रसामग्री युनिसेफने दिली, तंत्रासाठी जागतिक आरोग्य संघटनेने हात दिला. मोटारींच्या आधी या पिंपरीत बुरशी वाढत होती, हे मी दरवर्षी नव्या बॅचला सांगते आणि दरवर्षी मला स्वतःलाच त्याचा आनंद होतो.

आता त्या रेणूकडे बघू. पेनिसिलिन जी म्हणजे १६ कार्बन, १८ हायड्रोजन, २ नायट्रोजन, ४ ऑक्सिजन आणि एक, फक्त एक गंधक. बुरशी हा रेणू तीन अमिनो आम्लांपासून विणते, त्यांतलं एक सिस्टीन. गंधक येतो तो तिथून. तिन्ही आम्लं एका दोऱ्यात ओवून झाली की लोखंडाचा अणू पोटात बाळगणारं एक विकर त्या दोऱ्यातून चार हायड्रोजन काढून घेतं. ते ऑक्सिजनच्या एका रेणूला देतं, पाण्याचे दोन रेणू बाहेर पडतात, आणि सैल दोरा आवळून दोन कडी होतात. एक पाच कोपऱ्यांचं, त्यात गंधक. त्याला चिकटून दुसरं चार कोपऱ्यांचं, म्हणजे चौकोन. बुरशी वाढवतात त्या टाकीत सतत हवा खेळती का ठेवावी लागते, त्याचं एक कारण हा ऑक्सिजन.

जे आहे ते या चौकोनात आहे. कार्बनच्या चार बंधांना एकमेकांपासून १०९ अंशांवर राहायचं असतं, आणि असल्या बंधातल्या नायट्रोजनला सपाट बसून १२० अंशांवर. चौकोनात दोघांनाही नव्वदाच्या आसपास दाटीने बसवलेलं. दाबून धरलेली स्प्रिंगच ती. जिवाणूंची भित्ती विणणारं विकर आपलं नेहमीचं काम समजून या चौकोनाला हात घालतं. त्या विकरातल्या सेरिनचा ऑक्सिजन चौकोनातल्या कार्बनला भिडतो, कडं फटकन उघडतं आणि तो तुकडा विकराला सहसंयुज बंधाने चिकटून बसतो. विकर ठप्प झालं की भित्ती अर्धवट राहते, आणि वाढू पाहणारा जिवाणू फुटतो. आपल्या पेशींना ती भित्तीच नाही, म्हणून आपण वाचतो.

आणि औषधाला न जुमानणारे जिवाणू काय करतात? बीटा-लॅक्टमेज नावाचं विकर बनवतात. तेही चौकोन उघडतंच, पण लगेच पाण्याचा एक रेणू मध्ये घालून स्वतःची सुटका करून घेतं आणि पुढच्या चौकोनाकडे वळतं. अडकून पडणं आणि सुटून जाणं यांत फरक पाण्याच्या एका रेणूचा. डॉक्टरांनी सांगितलेला कोर्स पुरा करा, हे वाक्य मुलांनी हजारदा ऐकलेलं असतं. हा चौकोन कळल्यावर ते पहिल्यांदा त्यांच्या मनात उतरतं, हे मी त्यांच्या चेहऱ्यांवर पाहिलंय.

*

पेनिसिलिन टाकीतल्या त्या पातळ लापशीतून बाहेर कसं काढायचं? बुरशी गाळून घ्यायची, द्रव थंड करायचा, आणि सल्फ्युरिक आम्ल घालून सामू दोन-अडीचवर आणायचा. आम्लात पेनिसिलिनला आपला सुटलेला प्रोटॉन परत मिळतो, त्याच्यावरचा ऋण भार जातो आणि त्याला पाणी नकोसं होतं. मग ते ब्युटाइल ॲसिटेटसारख्या द्रावकात उतरतं. तिथून परत उदासीन पाण्याशी गाठ घातली की प्रोटॉन सुटतो, भार येतो, आणि ते पाण्यात परततं. गाळसाळ मागे राहतो.

हे सगळं थंडीत आणि घाईने उरकायचं असतं, कारण जे आम्ल त्याला बाहेर काढतं तेच आम्ल चौकोनही मोडतं. आयन आणि उदासीन रेणू यांतला फरक मुलं परीक्षेत दोन मार्कांसाठी लिहितात. या गावाचा एक अख्खा कारखाना त्या दोन मार्कांवर चालला.

*

पेनिसिलिनची रचना नक्की कशी, यावर मोठमोठ्या रसायनशास्त्रज्ञांत वाद होता. चार कोपऱ्यांचं असलं ताणलेलं कडं टिकेलच कसं, असं अनेकांना वाटे. डोरोथी हॉजकिन यांनी स्फटिकावर क्ष-किरण सोडून १९४५ मध्ये चौकोनच आहे हे दाखवलं. १९६४ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं.

*

आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे एवढ्यात अख्खं रसायनशास्त्र उभं करता येतं. ही युक्ती देशभर पोचवणारे अरविंद गुप्ता एकेकाळी पुण्याच्या टेल्कोत इंजिनिअर होते. सत्तरच्या दशकात ते होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले, आणि तिथे या काड्या-ट्यूबा त्यांना सापडल्या. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ट्रक बनवणाऱ्या कारखान्यातला माणूस खेळणी बनवायला गेला, ही या पट्ट्याची मला सर्वांत आवडणारी हकिकत.

काल वर्गात आम्ही पेनिसिलिन केलं. एका सांध्यात चार काड्या खोचल्या की त्या आपोआप चहूकडे फाकतात, कोपऱ्यातला कोन एकशे नऊच्या जवळपास. मग दोन काड्या चिमटीत धरून नव्वदावर आणायच्या. बोटांना ट्यूबचा रेटा जाणवतो. एका मुलीने चौकोन पुरा केला, जोडला, बाकावर ठेवला, आणि एक सांधा निसटून काडी तिसऱ्या बाकापर्यंत उडाली. "मॅडम, मेला जिवाणू!" असं मागून कुणीतरी ओरडलं.

काडीच्या गुलात पोटॅशियम क्लोरेटबरोबर गंधक आहे. व्हॉल्व्ह ट्यूबचं रबरही गंधकानेच बांधलेलं. मॉडेलमध्ये गंधकासाठी पिवळा मणी लावला होता, तो तसा लावायची गरजच नव्हती.

*

पिंपरीचं नाव एका सूक्ष्मजीवाला आहे, हे पिंपरीत किती जणांना माहीत असेल? स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. एच.ए.च्या प्रयोगशाळेत एम. जे. तिरुमलाचार यांनी १९६१ च्या सुमारास त्याच्यापासून हॅमायसिन मिळवलं. नावातलं 'हॅ' म्हणजे हिंदुस्तान अँटिबायोटिक्सच. औषध बुरशीवरचं. रेणूचं लांबलचक कडं, त्याच्या एका बाजूला सात दुहेरी बंध एक सोडून एक, म्हणून रंग पिवळा. बुरशीच्या पेशीपटलात एर्गोस्टेरॉल असतं, त्याला हा रेणू धरतो आणि पटल गळू लागतं. आपल्या पटलात त्या जागी कोलेस्टेरॉल असतं.

हॅमायसिनमध्ये गंधक नाही. या वहीत त्याला जागा दिली ती गावाच्या नावासाठी.

*

टायर आणि केस.

रबराच्या चिकातले रेणू लांब, सुटे दोरे असतात. उन्हात चिकट, थंडीत कडक. चार्ल्स गुडइयरला १८३९ मध्ये कळलं की गंधक घालून तापवलं की रबर सुधारतं. होतं काय, तर गंधकाचे अणू एका दोऱ्यातून दुसऱ्यात टाका घालतात. टाके थोडे, तर रबर ताणलं जातं आणि परत येतं. टाके भरमसाट, तर लाकडासारखा टणक एबोनाइट. चाकणच्या रस्त्यावरून सुटणारी प्रत्येक नवी गाडी अशा टाक्यांवर चालते.

केसांतही तेच. केराटिनच्या शेजारच्या साखळ्यांत सिस्टीन असतं. दोन सिस्टीनांचे गंधक एकमेकांचा हात धरतात, त्याला डायसल्फाइड बंध म्हणतात. पार्लरमध्ये केस कायमचे सरळ किंवा कुरळे करतात तेव्हा आधी एका रसायनाने हे हात सोडवतात, केसाला हवा तो आकार देतात, मग हायड्रोजन पेरॉक्साइडसारख्या दुसऱ्या रसायनाने हात पुन्हा जुळवतात. घरी इस्त्रीने सरळ केलेले केस मात्र धुतले की मूळपदावर येतात. तिथे फक्त हायड्रोजन बंध हलले होते. कार्बन-कार्बन बंध तोडायला दर मोलला साधारण ३५० किलोजूल लागतात, गंधक-गंधक बंधाला अडीचशेच्या आसपास, पाण्यातल्या हायड्रोजन बंधाला वीसेक. हे तीन आकडे फळ्यावर लिहिले आणि 'कायमचं', 'पार्लरमध्ये', 'घरी' असे तीन शब्द शेजारी लिहिले. पुढे समजावून सांगावं लागलं नाही.

इन्सुलिनमध्ये ५१ अमिनो आम्लं आणि असे तीन गंधकाचे टाके. ते उसवले की इन्सुलिन कामाचं राहत नाही.

*

पाण्याचा रेणू, आणि त्यातल्या ऑक्सिजनच्या जागी गंधक ठेवला तर हायड्रोजन सल्फाइड. आकार तोच, वाकलेला. वजन मात्र १८ विरुद्ध ३४. जड रेणू सहसा जास्त तापमानाला उकळतो, त्या हिशेबाने हायड्रोजन सल्फाइड पाण्यापेक्षा उशिरा उकळायला हवा. तो उणे ६० अंशांवरच वायू होतो. पाणी १०० पर्यंत टिकतं. ऑक्सिजन इलेक्ट्रॉन घट्ट ओढतो, हायड्रोजन उघडा पडतो, आणि पाण्याचे रेणू एकमेकांना धरून राहतात. गंधकाची मूठ सैल, हायड्रोजनशी त्याची ओढाताण फार नाही, म्हणून हे रेणू एकमेकांना धरत नाहीत. सैल मुठीचा गंधक पाण्यातल्या ऑक्सिजनच्या जागी असता तर पृथ्वीवर समुद्र नसते.

इथवर फळ्यावरचं. पुढचं लिहिताना हात जड होतो.

गटाराच्या चेंबरमध्ये ऑक्सिजन संपला की काही जिवाणू सल्फेटवर श्वास चालवतात. आपण ऑक्सिजनला इलेक्ट्रॉन देऊन पाणी करतो, ते सल्फेटला देऊन हायड्रोजन सल्फाइड करतात. नाल्याचा गाळ काळा दिसतो तो लोखंडाच्या सल्फाइडमुळे. या वायूचा वास सडक्या अंड्यासारखा, अगदी थोडा असला तरी येतो. हवेच्या दशलक्ष भागांत तो शंभरच्या आसपास गेला की नाकच बधिर होतं आणि वास येईनासा होतो. खाली उतरलेल्या माणसाला वाटतं, गेला वायू. त्याच वेळी तो पेशींतल्या तंतुकणिकांत शिरून श्वसनाचं शेवटचं विकर अडवत असतो. त्याला वाचवायला दुसरा उतरतो, मग तिसरा.

हाताने मैला साफ करायला लावणं, कुठल्याही संरक्षणाशिवाय माणूस गटारात उतरवणं यावर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. तरी माणसं उतरवली जातात. माझ्या वर्गातून उद्या कुणी डॉक्टर होईल, कुणी नगरपालिकेत अधिकारी होईल. झाकण उघडून वास येत नाही म्हणजे आत काही नाही, असं म्हणणाऱ्याला थांबवणारा एक जण जरी त्यांतून निघाला तरी मला पुरे. हे प्रकरण मी कधीच भराभर उरकत नाही.

*

हर्शी आणि चेझ, १९५२. आनुवंशिक माहिती प्रथिनात की डीएनएत? प्रथिनात गंधक असतो आणि फॉस्फरस जवळजवळ नसतो, डीएनएत फॉस्फरस असतो आणि गंधक नसतो. त्यांनी विषाणूंना किरणोत्सारी गंधक-३५ आणि फॉस्फरस-३२ यांची खूण केली आणि जिवाणूवर सोडलं. आत गेला तो मुख्यतः फॉस्फरस. प्रथिनाचं कवच बाहेर राहिलं, गंधकासकट. जीवशास्त्रातला एवढा मोठा प्रश्न सुटला तो कुठलं मूलद्रव्य कुठे असतं या साध्या माहितीवर.

*

चिंचवड स्टेशनजवळ बॅटरीचं एक दुकान आहे. गेल्या आठवड्यात तिथे अर्धा तास उभी होते. मिस्त्रीने रिक्षाच्या बॅटरीचं बूच काढलं, हायड्रोमीटरने आम्ल ओढलं. काचेच्या नळीतला तरंगता तुकडा खाली बसला. "ताई, हिला सल्फेशन धरलंय. महिनाभर उभी होती गाडी."

शिशाच्या प्लेटा, मध्ये पातळ सल्फ्युरिक आम्ल. भरलेल्या बॅटरीत आम्लाची विशिष्ट घनता १.२६ ते १.२८. वीज देता देता आम्लातलं सल्फेट दोन्ही प्लेटांवर शिशाचं सल्फेट होऊन बसतं आणि मागे पाणी उरतं. द्रव पातळ होतो, म्हणून तरंगता तुकडा बुडतो. चार्जिंगला लावली की सगळं उलट. पण रिकामी बॅटरी नुसती पडून राहिली तर त्या सल्फेटचे खडे घट्ट होतात आणि परत विरघळत नाहीत. मिस्त्रीचं 'धरलंय' हे क्रियापद मला फार नेमकं वाटलं. आयन आधी पाण्यात मोकळे होते, आता त्यांनी एकमेकांना धरलंय.

त्याच्या सदऱ्याला मोहरीएवढी भोकं होती. सुती कापड म्हणजे सेल्युलोज, ग्लुकोजच्या माळा. थेंब वाळताना आम्ल तीव्र होत जातं आणि माळ तोडतं. "रात्री धुवायला टाकला तेव्हा भोकं नव्हती," तो म्हणाला.

मी त्याला शिशाबद्दल विचारलं. हात धुतो, म्हणाला, जेवायच्या आधी. एवढं पुरेसं नाही, कपडेही घरी नेऊ नयेत, हे मी त्याला सांगितलं, कारणासकट. रक्तातला हीम बनवणाऱ्या साखळीत एक विकर आहे. त्यात जस्ताचा एक अणू तीन सिस्टीनांच्या गंधकांनी धरून ठेवलेला असतो. शिसं आलं की गंधक जस्ताला सोडून शिशाला धरतात, कारण शिशाशी त्यांचं जास्त घट्ट जमतं. विकर बंद पडतं. लहान मुलांच्या मेंदूला तर शिसं फारच वाईट, आणि ते बापाच्या कपड्यांवरून घरी येतं. शरीरातलं शिसं काढायला जी औषधं देतात, डायमरकॅप्रॉल किंवा सक्सिमर, त्यांच्या प्रत्येक रेणूत दोन गंधक असतात, चिमट्याच्या दोन टोकांसारखे. मिस्त्रीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग तपासणी कुठे होते?" रक्तातलं शिसं तपासून घ्यायचं डॉक्टरांना कसं सांगायचं, ते मी त्याला कागदावर लिहून दिलं.

*

भोसरीच्या गल्ल्यांत प्लेटिंगची छोटी दुकानं. क्रोमच्या टाकीत लिटरला अडीचशे ग्रॅम क्रोमिक आम्ल आणि सुमारे अडीच ग्रॅम सल्फ्युरिक आम्ल, शंभराला एक. ते एक नसेल तर चकाकी धरत नाही.

सहा संयुजेचं क्रोमियम नारिंगी-पिवळं असतं. त्याचा क्रोमेट आयन म्हणजे मध्ये क्रोमियम, भोवती चार ऑक्सिजन, दोन ऋण भार. सल्फेटही तसंच: मध्ये गंधक, चार ऑक्सिजन, दोन ऋण भार. पेशीला सल्फेट हवं असतं, त्यासाठी तिच्या पटलात दार आहे. क्रोमेट त्याच दारातून आत येतं. दार अणू ओळखत नाही, आकार आणि भार ओळखतं. आत गेल्यावर पेशीतले गंधकवाले रेणूच, ग्लुटाथायोन आणि सिस्टीन, त्याला इलेक्ट्रॉन देतात, तीन संयुजेवर आणतात, आणि ते क्रोमियम डीएनएला जाऊन बसतं. जुन्या प्लेटिंग कामगारांच्या नाकाच्या पडद्याला भोक पडतं ते याच क्रोमच्या वाफाऱ्याने.

सांडपाण्यातून ते काढायची रीत मी एका प्रयोगशाळेत काचेच्या भांड्यात पाहिली आहे. आम्ल घालून सामू दोन-तीनवर आणला. मग चमचाभर सोडियम मेटाबायसल्फाइट टाकलं, म्हणजे पुन्हा गंधकच. नारिंगी पाणी ढवळता ढवळता मळकट झालं आणि हिरवं झालं. चुना टाकला, करड्या-हिरव्या साईसारखा साका हळूहळू तळाशी बसला. वरचं पाणी नितळ. सगळं मिळून वीसेक मिनिटं. एवढंसं काम न करता पाणी नाल्यात सोडायचं, हे मला कुठल्याही सबबीखाली पटत नाही.

*

१ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-सहा इंधन आलं. गंधक दशलक्षात ५० भागांवरून १० वर उतरला. सायलेन्सरच्या आधी बसवलेल्या कन्व्हर्टरमधल्या प्लॅटिनम-पॅलेडियमवर गंधक ठाण मांडून बसतो आणि धुराला जागा देत नाही. शिशाने विकराला करावं तसं.

*

आळंदीला इंद्रायणीवर पांढरा फेस अलीकडच्या वर्षांत वारंवार दिसला. वारकरी त्यातच स्नान करताना पाहिले आहेत. दुरून कापसासारखा दिसतो, जवळ गेल्यावर वास येतो.

कपड्यांच्या पावडरीतला मुख्य रेणू म्हणजे कार्बनची लांब शेपटी आणि तिच्या टोकाला सल्फोनेट, म्हणजे एक गंधक आणि तीन ऑक्सिजन, ऋण भारासह. शेपटीला पाणी नको, डोक्याला पाणी हवं. म्हणून हा रेणू पाण्याच्या पृष्ठभागावर डोकं खाली, शेपटी वर करून उभा राहतो आणि पाण्याच्या रेणूंची एकमेकांवरची पकड ढिली करतो. नदी बंधाऱ्यावरून पडली, हवा मिसळली, की बुडबुडे टिकतात. आपल्या पेशींचं पटलही अशाच दुतोंडी रेणूंचं बनलेलं आहे, फक्त तिथे डोक्यात गंधकाऐवजी फॉस्फेट. माशाच्या कल्ल्यांना हा फेस का सोसत नाही ते यावरून कळावं. साबणी रेणू पटलाच्या ओळीत घुसतो आणि ती विस्कटतो.

आमच्या घरात आजी इंद्रायणीचं पाणी तांब्यात भरून आणायची आणि देवापाशी ठेवायची. प्रक्रिया न झालेलं धुण्याभांड्याचं आणि कारखान्याचं पाणी नाल्यांतून या नदीत येतं, आणि नाल्यांना आमच्या सगळ्यांच्या मोऱ्या जोडलेल्या आहेत. माझीही.

*

आज वर्गातल्या एका मुलाच्या डब्यात उकडलेलं अंडं होतं. बलकाभोवती हिरवट-करडी कड. त्याने विचारलं, "मॅडम, खराब आहे का हे?"

नाही. पांढऱ्याच्या प्रथिनांत सिस्टीन असतं. जास्त वेळ उकडलं की त्यातून थोडा हायड्रोजन सल्फाइड सुटतो, आतल्या बाजूला सरकतो, आणि बलकाच्या कडेवर त्याला लोखंड भेटतं. तिथे लोखंडाचं सल्फाइड. नाल्याच्या गाळातलं काळं तेच, पण इथे इतकं थोडं की अपाय नाही. अंडं वेळेत उतरवून लगेच गार पाण्यात टाकलं तर कड येत नाही.

त्याची आई मोशीहून चाकणला कंपनीच्या बसने जाते, फर्स्ट शिफ्टला. पहाटे गॅसवर अंडी ठेवून ती बाकीचे डबे भरते. "गार पाण्याचं सांगतो तिला," तो म्हणाला. मग थोडं थांबून, "नाहीतर राहू दे. मीच उठून उतरवतो."